मोठ्या तोफेचा धाकटा राखणदार

युद्धावरच्या चित्रपटांत एक दृश्य हमखास येते. धुळीचे लोट उठवत रणगाड्यांची रांग पुढे सरकते आहे. झुडपाआड जर्मन तोफ दबा धरून बसली आहे. तोफेचा नायक दुर्बिणीला डोळे लावून थांबला आहे, त्याचा हात वर झाला आहे... आणि मग एकच धडाका होऊन पहिला रणगाडा पेटतो. प्रेक्षागृहात आपण रोखलेला श्वास सोडतो.

या दृश्यात काही माणसे बहुधा नसतात. तोफेपासून थोड्या अंतरावर, जरा बाजूला, जमिनीत खणलेल्या खड्ड्यात दोन-तीन जण पालथे पडलेले असतात. त्यांच्यापुढे एक मशिनगन असते. समोर एवढे रणगाडे गडगडत येत असताना त्यांचे रणगाड्यांकडे लक्षच नसते. ते पाहत असतात रणगाड्यांच्या मागून चालत येणाऱ्या माणसांकडे.

दुसऱ्या महायुद्धातल्या या तीन माणसांविषयी रविवारी सकाळी, चहाचा दुसरा कप हातात असताना का वाचायचे, असे कोणी विचारील. एक कारण असे की कादंबऱ्या लिहिणाऱ्याला नायकापेक्षा कोपऱ्यातल्या पात्राचे आकर्षण अधिक असते. दुसरे कारण जास्त खरे आहे. रणगाड्यांच्या मागून चालत येणाऱ्या त्या माणसांत आपली माणसे होती. साताऱ्याची होती, कोकणातली होती, नगरकडची होती. जर्मनांच्या त्या नावाजलेल्या तोफांपेक्षा त्यांची गाठ पडली ती बाजूच्या खड्ड्यातल्या या तिघांशी.

आधी या खेळाचे मूळ गणित सांगायला हवे. उघड्या मैदानात पायी चालणाऱ्या शिपायाला रणगाड्याचे भय. रणगाड्याला भय रणगाडाविरोधी तोफेचे. आणि त्या तोफेला भय कोणाचे? तर पुन्हा त्या पायी चालणाऱ्या शिपायाचे. ओघळीतून सरपटत आलेले चार शिपाई आणि त्यांच्या खिशातले हातबाँब एवढ्यावर ती तोफ संपते. असा हा फेरा आहे. आपल्याला भारी पडणारा शत्रू आपल्यापर्यंत पोचू द्यायचा नाही आणि आपण ज्याला भारी, त्याला बरोबर समोर आणायचे, सारे कौशल्य एवढ्यातच.

एवढी मोठी तोफ चार शिपायांना का घाबरते, हे तोफेची घडण पाहिली की कळते. युद्धाच्या सुरुवातीला जर्मनांकडे ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ होती. हलकी, ठेंगणी, माणसांनी हाताने ढकलत न्यावी अशी. पण समोरच्या रणगाड्यांचे पत्रे जाड होत गेले आणि तिचे गोळे त्यांवर आपटून खाली पडू लागले. जर्मन शिपाई स्वतःच तिला ‘सैन्याचे दार ठोठावायचे यंत्र’ म्हणून चिडवू लागले. दार वाजते, उघडत मात्र नाही! मग ५० मिलिमीटरची आली, त्यानंतर ७५ मिलिमीटरची. ही ७५ची तोफ फार गुणी, पण तिचे वजन सुमारे १,४२५ किलो. दहा-वीस गोळे उडाले की धक्क्याने तिचे मागचे दोन पाय मातीत असे रुतत, की घाईच्या वेळी ती उपटून काढणे म्हणजे दिव्य. नाकापेक्षा मोती जड, तसला प्रकार. आणि ८८ मिलिमीटरची ती सुप्रसिद्ध तोफ तर मुळात विमाने पाडण्यासाठी केलेली. मांडल्यावर पाच टनांच्या घरात जाणारी आणि माणसापेक्षा उंच.

या सगळ्या तोफांना समोरून पोलादी ढाल असे. बाजू आणि पाठ मोकळी. नळी डावी-उजवीकडे वळे ती ठरावीक कोनातच. ८८ची तेवढी चौफेर फिरे. माणसांवर फुटणारे गोळे तोफेपाशी असत, नाही असे नाही. पण विखरून, लपतछपत येणाऱ्या एकेका शिपायावर तोफेचा गोळा वाया घालवायचा, आणि त्या प्रत्येक गोळ्याबरोबर ज्वाळा व धुरळा उडवून आपला ठावठिकाणा शत्रूला सांगायचा, हा आतबट्ट्याचा व्यवहार. म्हणून तोफेला राखणदार लागतो.

आता राखणदाराने बसायचे कोठे? सामान्य माणूस म्हणेल, तोफेच्या शेजारी. मीही तसेच म्हटले असते. पण बँकेच्या नोकरीत एका आडगावच्या शाखेवर असताना आमच्याकडे एक निवृत्त फौजी बंदूकधारी राखणदार म्हणून आला. पहिल्याच दिवशी त्याने कॅशच्या काउंटरला लागून ठेवलेली आपली खुर्ची उचलली आणि दाराच्या आतल्या अंगाला, भिंतीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. मी म्हटले, “अहो हवालदार, पैसे इकडे आहेत.” तो शांतपणे म्हणाला, “साहेब, कॅशपाशी बसलो तर येणाऱ्याला एका नजरंत दोघंबी घावतील. हितनं मला त्याची पाठ दिसती.” एवढे बोलून तो बसला. पुढे सैन्याची पुस्तके चाळताना मशिनगनच्या जागेविषयीची पाने आली, तेव्हा मला त्यात नवे असे फारसे आढळले नाही!

जर्मनांची रीत नेमकी अशीच होती. तोफेने पहिला गोळा टाकला की तिची जागा उघडी पडते आणि शत्रूच्या तोफा व उखळी तोफा तेथे मारा सुरू करतात. मशिनगन तिला खेटून असेल तर एकाच गोळ्यात मालक आणि राखणदार दोघेही जातात. म्हणून ती दूर, बाजूला. त्यातही ती सरळ पुढे मारा करील अशी नाही, तर तोफेच्या तोंडासमोरून आडवा मारा करील अशी. एका ओळीत चालत येणाऱ्या माणसांवर समोरून गोळ्या झाडल्या तर प्रत्येक गोळीला एका माणसाच्या रुंदीएवढेच लक्ष्य मिळते. तीच ओळ बाजूने पाहिली की सगळी माणसे एकामागे एक येतात. शक्य असेल तर दुसऱ्या अंगालाही एक मशिनगन. दोघींच्या गोळ्यांच्या वाटा तोफेपुढे एकमेकींना छेदून जाणार. डावीकडची गन उजवीकडच्या गनसमोरची जमीन राखणार, उजवीकडची डावीकडच्या. आपल्या पुढ्यातले संकट शेजाऱ्याने निवारायचे आणि शेजाऱ्याच्या पुढ्यातले आपण, असा तो करार.

शिवाय जमिनीच्या सुरकुत्या. तोफेला लांबवर मोकळे दिसायला हवे असते, कारण रणगाडा तिकडून येणार. पण मोकळे म्हणून दिसणारे मैदान कधीच सपाट नसते. ओघळ असते, बांध असतो, उंचवट्यामागची खोलगट जागा असते. तोफेला ती दिसत नाही आणि पायदळ नेमके तेथूनच येते. तोफेची नजर जेथे पोचत नाही, तेथे मशिनगनची नजर ठेवायची. सुरुंग पेरले असतील तर दोघांत वाटणी ठरलेली: सुरुंगांपाशी अडखळलेल्या रणगाड्याला तोफेने पाहायचे आणि सुरुंग काढायला वाकलेल्या माणसाला मशिनगनने. राखणदार नसलेले सुरुंग रात्रीतून उपसून नेता येतात. एल अलामेनला १९४२ मध्ये जर्मन-इटालियन फौजांनी साडेचार लाखांच्या आसपास सुरुंग पेरले होते, आणि त्यांतून वाट काढणाऱ्यांना सुरुंगांइतकाच त्रास त्यांवर रोखलेल्या मशिनगनींचा झाला.

रणगाड्याच्या पत्र्याला मशिनगनची गोळी काही करू शकत नाही. पण गोळ्यांचा सडा पडू लागला की रणगाड्यातून डोके बाहेर काढून वाट पाहणारा नायक आत जातो आणि झाकण लावून घेतो. आता त्याला एका अरुंद फटीतून जेवढे जग दिसेल तेवढेच. कोपऱ्यातली तोफ त्याला दिसणार नाही. ती ज्यांना दिसली असती ते पायदळाचे शिपाई गोळ्यांखाली जमिनीला चिकटलेले. रणगाडा त्यांच्यासाठी थांबला तर उभ्या-उभ्या तोफेचे सावज होतो, न थांबला तर एकटा पडतो. एवढी एक फारकत साधली की बाकीचे काम तोफ करते.

मशिनगनही साधी नव्हती. आधी ‘एमजी ३४’, मिनिटाला आठशे-नऊशे गोळ्यांच्या वेगाची. १९४२ पासून ‘एमजी ४२’ आली, तिचा वेग मिनिटाला बाराशेच्या पुढे. आकडेमोडीची सवय काही सुटत नाही. बाराशे म्हणजे सेकंदाला वीस. तीनशे गोळ्यांची एक पेटी बोट न उचलता दाबून ठेवले तर पंधरा सेकंदांत रिकामी! म्हणून शिकवण अशी की थोड्याथोड्या गोळ्यांचे झटके द्यायचे. दीडशे-दोनशे गोळ्या सलग गेल्या की नळी तापून लाल होई; मग दुसऱ्या नंबरच्या माणसाने अस्बेस्टॉसच्या चिंधीत धरून ती काढायची आणि काही सेकंदांत दुसरी बसवायची. पहिला नेम धरणार, दुसरा पट्टा भरवणार आणि नळी बदलणार, तिसरा दारूगोळा आणून देणार. तिचा आवाज वेगळा टक्-टक् असा ऐकू येत नसे. जाड कापड टराटरा फाडावे तसा तो येई, आणि ज्यांनी तो ऐकला ते तो जन्मभर विसरले नाहीत.

हे सगळे एखाद्या नकाशावर जुळून आलेले पाहायचे असेल तर हल्फाया खिंडीत जावे लागेल. इजिप्त आणि लिबियाच्या सरहद्दीवर, सोलूमजवळ, समुद्रकाठच्या सपाटीवरून एकदम सहाशे फूट चढणारी कड्याची भिंत आहे. तिच्यातून वर जाणारी ही वळणावळणाची वाट. इंग्रज शिपायांनी नावाशी खेळून तिला नरकाग्नीची खिंड करून टाकले होते. २७ मे १९४१ रोजी जर्मनांनी ही खिंड परत घेतली. पुढचे १९ दिवस ते खणत होते. तेथल्या जर्मन पलटणीचा प्रमुख कॅप्टन विल्हेल्म बाख हा मूळचा प्रॉटेस्टंट पाद्री. त्याच्या जोडीला इटालियन तोफखान्याचा मेजर पार्डी. ८८च्या मोजक्याच तोफा त्यांच्या वाट्याला आल्या होत्या, पण त्या त्यांनी इतक्या खोल पुरल्या की जमिनीच्या वर दिसे ती फक्त नळी. उंचीचा जो दोष होता तो कुदळ-फावड्याने घालवला. आणि त्या तोफांच्या भोवती खिंडीच्या धारेवर, खाली उतरणाऱ्या ओघळींच्या तोंडांवर पायदळाचे मोर्चे.

१५ जून १९४१. तोही रविवारच होता. एरवी प्रवचनाला उभा राहिला असता, असा तो पाद्री त्या सकाळी दुर्बीण घेऊन उभा होता. जनरल वेव्हेल यांनी आखलेल्या ‘बॅटलॅक्स’ मोहिमेची ही पहिली सकाळ. खिंडीवर चालून गेली ती चौथ्या हिंदी डिव्हिजनची अकरावी ब्रिगेड. कड्याच्या वरच्या अंगाने स्कॉटिश कॅमेरॉन हायलँडर्स आणि त्यांच्यापुढे बारा ‘माटिल्डा’ रणगाडे. खालच्या, समुद्राच्या अंगाने सहाव्या राजपुताना रायफल्सची पहिली पलटण आणि पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीची दुसरी पलटण. त्यांच्या दिमतीला सहा रणगाडे.

माटिल्डा म्हणजे पायदळाच्या चालीने चालणारा, पुढून ७८ मिलिमीटर पोलादाचा, सव्वीस-सत्तावीस टनांचा गाडा. इटालियनांच्या गोळ्यांनी त्याचा रंगही खरवडत नसे. पण त्याच्या तोफेपाशी फक्त भरीव गोळे होते. भरीव गोळा रणगाड्यावर उपयोगी. खड्ड्यातल्या तोफेच्या माणसांवर तो टाकणे म्हणजे माशांच्या घोळक्यात गोटी फेकणे. त्या माणसांना हटवायला स्फोटक गोळ्यांच्या तोफा हव्यात किंवा संगिनी घेऊन पोचणारे पायदळ हवे. त्या सकाळी मदतीची तोफांची बॅटरी मऊ वाळूत रुतून बसली. रणगाड्यांच्या प्रमुखाने तिच्यावाचूनच पुढे जायचे ठरवले.

बाखने त्यांना जवळ येऊ दिले. मग तोफा सुरू झाल्या. रणगाडे चिंध्यांसारखे फाडले जाताहेत अशा अर्थाचा त्या प्रमुखाचा शेवटचा बिनतारी संदेश आला आणि मग काहीच आले नाही. बारांपैकी अकरा गेले. मागचे कॅमेरॉन्स आता उघड्या वाळवंटात, पुढे आडोसा नाही, मागे आडोसा नाही. जर्मनांनी चिलखती गाड्या आणि पायदळ घेऊन त्यांना मागे रेटले.

आणि खाली? खाली सहांपैकी चार रणगाडे सुरुंगांवर गेले. उरलेले दोन जागच्या जागी थांबून तोफेच्या बुरजासारखे मारा करीत राहिले. राजपुताना रायफल्स आणि मराठे यांना त्या कड्याखालून, वरून सर्व काही दिसत असलेल्या चढावर, रणगाड्यांवाचून चढायचे होते. त्यांनी पुनःपुन्हा चढाई केली. वरच्या तोफा आणि मशिनगनींच्या माऱ्यापुढे ती थांबली, दुसऱ्या दिवशीही थांबली. रणगाडे आणि पायदळ यांची फारकत म्हणजे काय, हे आमच्या मराठा शिपायाला कळले ते अशा पद्धतीने. माटिल्डावर ८८ने मारलेले गोळे पुढे जगभरच्या पुस्तकांत गेले. ८८ची दंतकथा त्याच सकाळी पक्की झाली म्हणा ना! खालच्या चढावर थांबलेल्या त्या दोन हिंदी पलटणींना त्याच पुस्तकांत एखादे वाक्य मिळते.

या पराभवानंतर चर्चिल यांनी वेव्हेल यांना तेथून काढून हिंदुस्थानात पाठवले. पुढे १९४३ मध्ये ते आपले व्हाइसरॉय झाले. मराठ्यांच्या त्याच दुसऱ्या पलटणीवर वर्षभराने, २० जून १९४२ रोजी, टोब्रुकला रोमेलचा मुख्य घाव कोसळला आणि तिची बहुतेक माणसे बंदिवासात गेली. बाखच्या ताब्यातली हल्फाया खिंड मात्र हल्ल्याने पडली नाही. सोलूम हातचे गेले, पाणी तुटले, अन्न संपले, आणि १७ जानेवारी १९४२ रोजी तेथल्या फौजेने शरणागतीचे निशाण लावले. बाख युद्धकैदी म्हणून कॅनडात गेला आणि वर्षअखेरीस तेथेच वारला.

माझ्या एका मित्राची तक्रार असते की जर्मन सैन्याविषयी लिहिताना माणसे नकळत कौतुकाच्या सुरात जातात. त्याचे म्हणणे खरे आहे. व्यवस्थेचा नेटकेपणा डोळ्यांत भरतो, आणि ती कोणत्या राजवटीसाठी राबत होती हे क्षणभर बाजूला पडते. म्हणून तीच व्यवस्था विसरल्यावर त्यांचे काय झाले, तेही सांगतो. १९४३ च्या जुलैत रशियात कुर्स्कच्या लढाईत त्यांनी ‘फर्डिनांड’ नावाचे अजस्र धूड आणले. ६५ टनांचे, पुढून २०० मिलिमीटर पोलादाचे, ८८ची नवी लांब तोफ बसवलेले. एकूण ९१ बांधले. चालतीफिरती रणगाडाविरोधी तोफच ती, पण अंगावर एकही मशिनगन नाही! आपले पायदळ मागे पडले की या हत्तीच्या पायाशी आलेल्या रशियन शिपायाला हाकलायला आत काहीच नव्हते. जर्मन चिलखती दलांचे मुख्य निरीक्षक जनरल गुडेरियान यांनी लिहून ठेवले की लावे टिपायला तोफ वापरायची वेळ आली होती. नंतरच्या अभ्यासकांनी हिशेब तपासले तेव्हा बहुतेक फर्डिनांड सुरुंगांनी आणि तोफखान्याने निकामी केले, असे निघाले. पायदळाच्या हाती पडले ते थोडे. तरीही उरलेल्यांना परत कारखान्यात नेऊन पुढच्या पत्र्याला भोक पाडून मशिनगन बसवावी लागली. अकरा किलोंचा तो राखणदार ६५ टनांच्या मालकाला अखेर घरात घ्यावाच लागला. त्यातले अकरा गाडे १९४४ च्या सुरुवातीला इटलीत पाठवले गेले.

इटलीत तोवर आपली माणसेही येऊन पोचली होती. चौथी, आठवी आणि दहावी, अशा तीन हिंदी डिव्हिजन्स. येथे वाळवंट नव्हते. द्राक्षांचे मांडव, ऑलिव्हची झाडे, दगडी घरे, डोंगराची एक धार संपली की दुसरी, एक नदी ओलांडली की पुढची. दूरवरचे दिसतच नाही. जर्मनांनी तोफा टेकडीच्या पाठच्या उतारावर, घरांच्या भिंतींआड, रस्त्याच्या वळणांवर ठेवल्या, आणि त्यांच्या मशिनगनी बांधाबांधांवर विखुरल्या. रणगाड्यांना रस्ता सोडता येत नव्हता, म्हणून रस्ता मोकळा करायचा तो पायदळाने. आणि पायदळाचा रस्ता ती गन अडवून बसलेली. तोफ हलवायला ट्रॅक्टर लागे. मशिनगन एका माणसाच्या खांद्यावर दुसऱ्या बांधाआड जाई. तोफा मागे न्यायची वेळ आली की शेवटपर्यंत थांबायचे तेही तिनेच. त्या खड्ड्यात पडलेली पोरे हुकमाची ताबेदार होती, आणि समोरून येणारी आमची पोरेही.

१० जुलै १९४४. वरच्या टायबर नदीचे खोरे. पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे आपल्या सेक्शनला घेऊन एका भक्कम मोर्चावर चालून जात होते. वय २२. माणगाव तालुक्यातले, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातले. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि एका झटक्यात त्यांचा सगळा सेक्शन पडला. कोणी ठार, कोणी जखमी. उभे राहिले ते एकटे. सेक्शनच उरला नाही तेव्हा सेक्शनच्या नायकाने काय करायचे, हे कोणत्याही शिकवणीत नसते. घाडगे धावत सुटले. हातबाँब फेकला, त्याने गन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन संपले. बदलायला क्षण नव्हता. तेव्हा त्यांनी तीच बंदूक नळीला धरून उलटी केली आणि दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना संपवले. लगेचच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले.

हल्ला करणाऱ्याकडून पाहिले की त्या खड्ड्याची व्यवस्था किती पुरी होती ते कळते. नेम धरणारा गेला तरी पट्टा भरवणारा होता, तो गेला तरी आणखी दोघे होते, आणि चौघे गेल्यावरही त्या खड्ड्यावर नजर ठेवून कोणीतरी दुसरीकडे बसलेले होतेच. राखणदाराचाही राखणदार. घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आला. त्यांची कबर नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव आहे, माणगावला पुतळा आहे, आणि टायबरच्या खोऱ्यातल्या मोंतोने या गावाने २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले.

दुसरी गोष्ट त्यानंतर नऊ महिन्यांची. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. नदी तशी लहान, पण दोन्ही काठांना पुराचे उंच मातीचे बांध घातलेले. जर्मनांनी ते बांध आतून पोखरून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे करून ठेवले होते. आपल्याकडे धरणाच्या बांधावर उभे राहिले की अलीकडच्या उतारावरचा माणूस पलीकडच्याला दिसत नाही. तसेच तेथे. रणगाडे पलीकडे नेण्यासाठी पूल हवा, आणि पूल बांधायचा तर पलीकडच्या बांधावरच्या मशिनगनी आधी गप्प व्हायला हव्यात.

मराठ्यांच्या पहिल्या पलटणीतले शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे निरोपे होते. नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या) निमज गावचे. कंपनी कमांडरबरोबर लहानशी तुकडी नदीत उतरली आणि पलीकडच्या काठाला लागते न लागते तोच तीन मशिनगन मोर्चांनी ती कापून काढली. कमांडर आणि आणखी दोघे जखमी, बाकीचे ठार. धड राहिले ते एकटे जाधव. त्यांनी आधी एका जखमीला उचलून, खोल पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणले. मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. दोन्ही खेपा त्याच माऱ्याखाली. त्यानंतर ते तिसऱ्यांदा गेले, ते मशिनगनींकडे. पहिला मोर्चा टॉमीगनने संपवला. हाताला जखम झाली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातबाँब घेतले. दुसरा मोर्चा गेला, तिसराही गेला. मध्ये एकदा बाँब संपले म्हणून सरपटत बांधाच्या माथ्यावर येऊन सोबत्यांकडून आणखी मागून घेतले.

पूर्वेच्या काठावरून गोळी येईनाशी झाली. उखळी तोफांचे गोळे तेवढे पडत होते. जाधव बांधाच्या माथ्यावर चढून उघड्यावर उभे राहिले, शिवाजी महाराजांचा जयजयकार केला, आणि जखमी हाताच्या त्या गड्याने अलीकडे थांबलेल्या कंपन्यांना हात हलवून खूण केली की या, आता या. कंपन्या पाण्यात उतरल्या.